मिनिटाला चार बुडबुडे

८ सप्टेंबर, मंगळवार

बाबा,

नमस्कारापासून सुरुवात केली तर तुम्ही तिथेच पत्राची घडी घालाल, म्हणून थेट कामाचं लिहिते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये थंड चाचणी झाली होती. त्या आठवड्यातली हेलियमच्या व्हॉल्व्हबद्दलची काही टिपणं तुमच्या खिशातल्या डायरीत आहेत का? छापील फॉर्म माझ्याकडे आहे. फॉर्मवर न मावलेलं मला हवंय. विशेष काही नाही, जुन्या नोंदी लावून ठेवायचं काम चाललंय, एवढंच.

फोनच केला असता. पण आत्या म्हणाली, तुम्ही कानाचं मशीन डबीत ठेवलंय ते बाहेर काढतच नाही. एकतीस वर्षं पेटत्या इंजिनांच्या शेजारी काढलेले कान. ते आता कुरकुरणारच. तिने असंही सांगितलं की माझा विषय निघाला की तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागता, म्हणजे तेवढं ओठांवरून बरोबर कळतं तुम्हाला.

यान व्यवस्थित आहे. चौतीस दिवसांनी मंगळापाशी पोचेल. आत्या, पाकीट आधी तू फोडतेस हे मला माहीत आहे, तेव्हा हे तुझ्यासाठी: यान नऊ महिने इंजिन बंद करून नुसतं वाहत चाललंय. मंगळाजवळ पोचल्यावर त्याला उलटं तोंड करून चोवीस मिनिटं इंजिन चालवायचं, म्हणजे वेग कमी होतो आणि मंगळ त्याला आपल्याकडे ओढून धरतो. इंजिन चाललं नाही तर यान मंगळाच्या शेजारून निघून जातं, कायमचं. इंजिनाला इंधन ढकलून द्यायचं काम हेलियम करतो, आणि त्या हेलियमच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह आहे. तुझ्या भावाने तो स्वतःच्या हाताने बसवलाय.

घरी सगळं ठीक. तुमच्या खोलीतली खिडकी अडकत होती, ती सुताराकडून घासून घेतली.

तुमची मुलगी

१४ सप्टेंबर, सोमवार

बाबा,

सहा दिवस झाले. टपालाला दोन दिवस लागतात हे मला माहीत आहे. आत्याला विचारलं, ती म्हणाली, "वाचलंय त्याने. दोनदा वाचलंय. पुढचं मला विचारू नकोस."

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. यान व्यवस्थित नाही.

पाच तारखेपासून टाकीतला दाब चढतोय. सतरा असायला हवा, तो आज सतरा पूर्णांक नऊ आहे. रोज एक दशांश. वीसच्या पुढे टाकीचा भरवसा नाही, आणि पोचायला अठ्ठावीस दिवस आहेत. हिशेब तुम्ही एव्हाना मनात केलाही असेल. इंजिन थोडं चालवून दाब उतरवावा तर यानाची वाटच बदलते. व्हॉल्व्ह बंद आहे आणि तरी हेलियम पलीकडे झिरपतोय. नेमका तोच व्हॉल्व्ह, ज्याच्या फॉर्मवर तुम्ही लाल पेनने "नापास" लिहिलं होतं, आणि ज्याच्याखाली मी दुसऱ्या दिवशी निळ्या पेनने "स्वीकारार्ह" असं लिहून सही केली होती.

ती सही मी का केली ते तुम्ही कधी विचारलं नाहीत, नुसती बॅग भरलीत. तर आता ऐका. व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे अर्धं यान उघडायचं. त्यात तीन महिने गेले असते. पृथ्वी आणि मंगळ सव्वीस महिन्यांतून एकदाच अशा जागी येतात की आपल्या रॉकेटला तेवढं अंतर झेपावं. डिसेंबर हुकला की थेट दोन वर्षांनंतर. तोवर माणसं दुसऱ्या कामांवर गेली असती, आणि प्रकल्प राहिला असता की नाही कुणास ठाऊक. गळतीची नळी पाण्यात धरली तर मिनिटाला चार बुडबुडे. मर्यादा तीनची. एका बुडबुड्यासाठी दोन वर्षं थांबायचं, असं मी स्वतःला विचारलं, आणि सही केली.

आता मॅडम म्हणतायत की व्हॉल्व्हला झटके द्यायचे, म्हणजे पाच-सहा वेळा पटापट उघडायचा, बंद करायचा. व्हॉल्व्हचं झाकण जिथे टेकतं त्या बैठकीवर कसलातरी कण अडकला असेल तर तो उडून जाईल. त्यांनी तारीखही ठरवलीय, सव्वीस. आमच्या प्रमुख झाल्यापासून त्या एकदा ठरवलेली तारीख बदलत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

पण मला आठवतंय, त्या आठवड्यात जेवताना तुम्ही म्हणाला होतात, "त्याला छेडलं की तो चिडतो." मी मोबाईलमध्ये बघत होते. पुढे काय म्हणालात?

लवकर कळवा.

१९ सप्टेंबर, शनिवार

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. दहा महिन्यांत तुमचं पहिलं अक्षर. तीनच ओळी.

"बुडबुडे मी डोळ्यांनी मोजले होते, कानांनी नाही. माझी मापं विश्वासार्ह नाहीत असं तुमच्या समितीने लिहून दिलं आहे. मग मला विचारता कशाला?"

"तुमच्या" समितीने. मला "अहो-जाहो" करताय तुम्ही.

हे कार्ड मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. नंतर तिथेच खाली पायरीवर बसले. आमच्या मजल्यावरचे दोघे-तिघे वळसा घालून वर गेले.

बाबा, आता जे लिहिते आहे ते मला गेल्या सप्टेंबरपासून लिहायचं होतं, आणि लिहावं लागू नये असंही वाटत होतं. तुम्हाला वाटतं की समितीपुढे तुमच्या कानांचा विषय त्या दर्जा तपासणीवाल्याने काढला. तुम्ही घरी येऊन त्याला शिव्या घातल्यात आणि मी तुमच्या समोर बसून त्या ऐकून घेतल्या. तो विषय त्याने काढला नव्हता.

समितीने मला विचारलं, "एकतीस वर्षं काम केलेल्या फिटरने नापास केलेला व्हॉल्व्ह तुम्ही पास कसा करता? लेखी द्या." मी लेखी दिलं. पाच ओळींचं टिपण. त्यातल्या चौथ्या ओळीत असं होतं की संबंधित कर्मचाऱ्याची श्रवणशक्ती कमी झालेली आहे, हाताला किंचित कंप आहे, निवृत्तीला चार महिने राहिलेत, सबब त्यांच्या मापनावर पूर्णतः विसंबणं योग्य ठरणार नाही. खाली माझं नाव होतं, हुद्दा होता. नातं लिहायला तिथे रकाना नव्हता.

बुडबुडे डोळ्यांनी मोजतात हे मला माहीत होतं. तिसरीत असताना तुम्हीच मला शाईच्या बाटलीत नळी घालून दाखवलं होतं. आणि हेही माहीत होतं की तुम्ही नापास लिहून घरी गेल्यावर मी एकटीने ती चाचणी पुन्हा लावली होती. मीही चारच मोजले होते. ते मी कुठेच लिहिलं नाही.

त्या टिपणावरूनच तुमची बदली स्टोअरमध्ये झाली. त्याच संध्याकाळी तुम्ही राजीनामा देऊन आलात आणि म्हणालात, "स्क्रू मोजायला मी आलो नव्हतो." मी म्हणाले, "बाबा, शांत व्हा." एवढंच म्हणाले.

आता तुम्हाला सगळं कळलं. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका. पण व्हॉल्व्हचं मात्र सांगा. माझ्यासाठी नको. शेडमधल्या लंबूकाकांनी आणि तुम्ही मिळून ते यान बांधलंय, त्यासाठी सांगा.

दाब आज अठरा पूर्णांक चार.

२४ सप्टेंबर, गुरुवार

बाबा,

आत्याचा परवा फोन आला. म्हणाली, पत्र वाचून तुम्ही चपला घातल्या आणि निघून गेलात ते चार तासांनी परत आलात. जेवला नाहीत. तिने विचारलं तर म्हणालात, "त्याने लिहिलं असं समजून मी वर्षभर ज्याला शिव्या देत होतो, त्या भल्या माणसाचा पत्ता मिळेल का?" आत्या रडत होती. मला म्हणाली, "काय केलंस गं तू हे?"

आणि आज डायरी आली. पाकिटात चिठ्ठी नाही, दोन शब्दही नाहीत. फक्त एका पानाचा कोपरा दुमडलेला.

पान मी पाठ केलंय. थंड असताना मिनिटाला चार. झटके दिले, सहा वेळा. पहिल्यांदा गळती शून्य, मग हळूहळू अकरा. ऊब दिली, पस्तीस अंशांवर सहा तास, मग एकदाच बंद केला, शून्य. रात्रभर शून्य. सकाळी पुन्हा थंड केला, तरी शून्य. खाली बारीक अक्षरात: "कण नाही. बैठकीचं प्लॅस्टिक थंडीत आखडतं. झटके देऊ नयेत. ऊब द्यावी, एकदाच दाबावं, मग सोडून द्यावं."

हे फॉर्मवर का नव्हतं ते आता कळलं. फॉर्मवर फक्त थंड मापाचा रकाना आहे. आणि तुम्ही सांगायला आला होतात त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. निरोप ठेवला होतात. मी परत फोन केला नाही.

परवा सव्वीस. झटके दिले तर चाराचे अकरा होतील, आणि मग वीसचा आकडा मंगळाच्या दोन आठवडे आधीच गाठला जाईल. उद्या सकाळी शेवटची बैठक आहे.

आता खरं ते लिहिते. दुपारभर मी असा विचार करत होते की हे माझंच जुनं निरीक्षण म्हणून मांडावं. "मला आठवतंय, चाचणीच्या बेंचवर असं दिसलं होतं." कुणी डायरी मागणार नाही. यान वाचेल, माझी खुर्चीही वाचेल. टिपणही बनवलं, सगळं माझंच असल्यासारखं दिसेल असं. वाचून बघितलं. भाषा अगदी गेल्या वर्षीच्या टिपणासारखी झाली होती.

फाडून टाकलं. उद्याचं उद्या.

२९ सप्टेंबर, मंगळवार

बाबा,

शुक्रवारची बैठक सांगते, जशी झाली तशी.

मी उभी राहिले आणि म्हणाले की झटके देऊ नयेत, गळती वाढेल. मॅडमनी विचारलं, "कशावरून?"

"बेंचवर करून बघितलंय. नोंद आहे."

"कुणाची?"

"फिटरची. ज्यांनी व्हॉल्व्ह नापास केला होता त्यांची."

खोलीत जरा चुळबुळ झाली. मॅडमनी समोरची फाईल उघडली. त्यांच्याकडे सगळं असतं. म्हणाल्या, "त्या गृहस्थांची मापं ग्राह्य धरू नयेत असं तुम्हीच लिहून दिलंय. आज त्यांच्याच डायरीवर विसंबून मी नऊ महिन्यांचा प्रवास पणाला लावू? एकतर तेव्हाचं टिपण खोटं असेल, नाहीतर आजची नोंद कुचकामी. दोन्ही खरं कसं असेल?"

मी म्हणाले, "टिपण खोटं आहे, मॅडम."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. चाचणी मी स्वतः पुन्हा केली होती, मलाही चारच मिळाले होते, ते मी दडवलं, आणि डिसेंबर हुकू नये म्हणून त्यांच्या कानांचं आणि हातांचं कारण पुढे केलं. हेही सांगितलं की ते माझे वडील आहेत. निम्म्या लोकांना ते माहीत नव्हतं.

तो दर्जा तपासणीवाला माझ्या शेजारीच बसला होता. त्याने पाण्याचा ग्लास माझ्यासमोर सरकवला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मॅडम बराच वेळ डायरीचं पान वाचत होत्या. मग म्हणाल्या, "पस्तीस अंश. तेवढी वीज कुठून आणायची? सूर्य इतका लांब आहे तिथे." कॅमेऱ्याचा हीटर सहा तास बंद ठेवला तर जमतं, हा हिशेब मी करून नेला होता. कॅमेरावाले चिडले. "आमचा कॅमेरा गोठला तर मंगळावर जाऊन बघायचं काय, काळोख?" मॅडम त्यांना म्हणाल्या, "आधी पोचू तर द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऊब देऊन बघू. पण तुम्ही या क्षणापासून कन्सोलवर नाही. चौकशी होईल. टिपण मागे घेतल्याचं आजच लेखी द्या."

दिलं. यावेळी नातंही लिहिलं, रकाना नव्हता तरी.

रविवारी सकाळी व्हॉल्व्हजवळचा हीटर लावला. मी आत नव्हते, बाहेर व्हरांड्यात होते. कन्सोलवरची माझी मैत्रीण दर अर्ध्या तासाने दाराशी येऊन आकडा सांगत होती. एकोणीस पूर्णांक दोन. उबेने दाब जरा वर जाणार हे माहीत होतं, तरी एकोणीस पूर्णांक तीन ऐकून मी तिला तो आकडा पुन्हा विचारला. दुपारी व्हॉल्व्ह एकदाच बंद करायचा हुकूम गेला. जायला बारा मिनिटं, उत्तर यायला बारा. संध्याकाळी आकडा तोच. काल तोच. आजही एकोणीस पूर्णांक तीन. तसूभर हललेला नाही. कॅमेराही शाबूत आहे.

मैत्रिणीने आनंदाने माझा हात धरला. पण तुम्हाला दिसलं असेल ते मलाही दिसतंय. ऊब देऊन घट्ट बसवलेला व्हॉल्व्ह बारा तारखेला उघडायलाही हवा. तो चिकटला तर इंजिन मधेच धापा टाकून बंद पडेल. तुमच्या डायरीत तो पुन्हा उघडल्याची नोंद नाही. तुम्ही उघडला होता का? आठवत असेल तर कळवा, नसेल तरी कळवा.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

बाबा,

तुम्ही कळवलं नाहीत. मी वाट बघितली, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही. तसा हक्कही नाही मला.

काल मला कंट्रोल रूममध्ये प्रवेश नव्हता. घरी बसवेना, म्हणून तुमच्या शेडमध्ये गेले. लंबूकाका तिथेच होते, आणखी पाच-सहा फिटर होते. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. मी दारात उभी राहिले तेव्हा कुणी "ये" म्हणालं नाही. थोड्या वेळाने लंबूकाकांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे ढकललं. त्यांनी बेंचवर फोन ठेवला होता, पलीकडे माझी मैत्रीण आकडे वाचत होती.

सव्वाअकराला इंजिन पेटल्याची खूण आली. म्हणजे ते बारा मिनिटांपूर्वीच पेटलं होतं. आम्ही ऐकत होतो ते होऊन गेलेलं होतं, आणि तरी सगळे फोनकडे वाकून बसले होते. तिसऱ्या मिनिटाला मैत्रीण म्हणाली, "टाकीचा दाब उतरतोय." तो उतरणारच. पण व्हॉल्व्ह उघडला की थांबायला हवा. थांबला नाही. सतरा. सोळा. लंबूकाका उठून उभे राहिले. पंधरा पूर्णांक दोन. हुकूम जाऊनही तो उघडला नव्हता, बाबा. बैठकीला चिकटून बसला होता. इंजिनाचा जोर कमी व्हायला लागला. मी मनात म्हणत होते की हेही माझ्यामुळेच.

यानातला संगणक अशा वेळी आपणहून दुसऱ्यांदा हुकूम देतो. तो त्याने दिला. "पंधरा." मग काही क्षण फोनवर नुसती खरखर. मग, "पंधरा. पंधरा पूर्णांक एक. चढतोय. उघडला! उघडला!" शेडमध्ये कुणीतरी टेबलावर मूठ आपटली, आणि लंबूकाका ओरडले, "गप! अजून झालं नाही."

नव्हतंच झालं. पंधराव्या मिनिटाला यान मंगळाच्या मागे गेलं आणि आवाज बंद. आता एकच परीक्षा होती. वेग पुरेसा कमी झाला नसेल तर यान मागून लवकर बाहेर पडणार, अकरा एकोणचाळीसला. कमी झाला असेल तर उशिरा, अकरा सत्तेचाळीसनंतर. म्हणजे फोन जितका वेळ गप्प राहील तितकं चांगलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी बोलू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले होते. अकरा अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एकजण तोंडावर हात दाबून बसला होता. अकरा पंचेचाळीस. सत्तेचाळीस झाले, तरी काही नाही, आणि मग उशिराचीही भीती वाटायला लागली.

अकरा अठ्ठेचाळीसला मैत्रीण रडतरडतच म्हणाली, "आलं. आवाज आला."

ठरवली होती त्यापेक्षा कक्षा मोठी आहे. जोर मधे कमी झाला, त्याची भरपाई संगणकाने इंजिन जास्त चालवून केली, तरी थोडं कमीच पडलं. पण मंगळाने त्याला धरलंय. ते आता कुठे जात नाही.

लंबूकाकांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. ते म्हणाले, "त्याला सांगितलंस का?" मी म्हणाले, "फोनवर ऐकू येत नाही त्यांना." ते म्हणाले, "मग इथे काय करतेस?"

म्हणून हे पत्र बसमध्ये लिहिते आहे. अक्षर हलतंय, माफ करा. चौकशीत माझं काय व्हायचं ते होईल. नोकरी जाईल असं दिसतंय. समितीने तुमच्यावरचा शेरा काढून टाकलाय, त्याची प्रत माझ्या पर्समध्ये आहे, पण ती तुमच्या हातात ठेवून मी काही भरून दिलं असं मला वाटत नाही. दर्जा तपासणीवाल्यांची मी काल माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांची मागा आधी."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुमच्यासमोर उभं राहून बोलायचं ठरवलं तरी तुम्हाला ऐकू जाणार नाही, आणि तुमच्या डोळ्यांत बघून मला बोलता येणार नाही. आत्या दार उघडेल, मी आत येईन, पत्र तुमच्या हातात देईन आणि समोरच्या खुर्चीवर बसेन. तुम्ही सावकाश वाचा. हवं तर दोनदा वाचा. जा म्हणालात तर उठून जाईन.

बाबा, माझं चुकलं. व्हॉल्व्हचं नाही. तुमचं.

वाचून झालं की मान वर करा. मी समोरच आहे.